संगीत सीडीचा उत्पादनदेश आणि ध्वनिगुणवत्ता : एक चिकित्सक विवेचन

सारांश

एकाच संगीत-संग्रहाची जपानमध्ये घडलेली सीडी ही जर्मनी, अमेरिका वा इंग्लंडमध्ये घडलेल्या सीडीपेक्षा सरस ऐकू येते, असा समज संगीतप्रेमी व संग्राहक यांच्यात दीर्घकाळ रूढ आहे. प्रस्तुत लेखात सीडीची तांत्रिक रचना, उत्पादनप्रक्रिया, त्रुटीसुधारणा, मास्टरिंग व श्रवणचाचणीची पद्धती यांच्या आधारे या समजाची चिकित्सा केली आहे. दोन देशांच्या सीडींत ऐकू येणारा फरक पुष्कळदा खरा असतो. मात्र त्याचे कारण तबकडी घडविणारा कारखाना नसून त्या कारखान्याकडे गेलेला मास्टर असतो, असे प्रतिपादन येथे केले आहे. संगीत विभाग व ग्रंथालये यांच्या जतनविषयक निर्णयांवर या भेदाचा होणारा परिणामही शेवटी स्पष्ट केला आहे.

बीजसंज्ञा : कॉम्पॅक्ट डिस्क, मास्टरिंग, त्रुटीसुधारणा, प्रीएम्फसिस, अंध श्रवणचाचणी, ध्वनिसंग्रह जतन.

१. प्रस्तावना

ध्वनिमुद्रित संगीत हे विसाव्या शतकातील संगीताच्या अभ्यासाचे एक प्रमुख साधन आहे. लाखेची तबकडी, दीर्घवादन ध्वनिमुद्रिका, कॅसेट व सीडी अशा क्रमाने या साधनाचे स्वरूप पालटत गेले. फिलिप्स व सोनी या कंपन्यांनी १९८० मध्ये सीडीचे तांत्रिक मानक निश्चित केले. ते ‘रेड बुक’ या नावाने ओळखले जाते. १७ ऑगस्ट १९८२ रोजी जर्मनीतील हॅनोव्हरजवळच्या लांगनहागन येथील पॉलिग्राम कारखान्यात ‘ॲबा’ या स्वीडिश गायकवृंदाच्या ‘द व्हिजिटर्स’ या संग्रहाच्या सीडींचे उत्पादन झाले. १ ऑक्टोबर १९८२ रोजी सोनीचा ‘सीडीपी-१०१’ हा सीडीवादक जपानच्या बाजारात आला. अमेरिकेतील पहिला सीडी कारखाना इंडियाना राज्यातील टेरे होट येथे १९८४ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी निम्बस या कंपनीने ब्रिटनमधील पहिले सीडी-उत्पादन वेल्समधील मनमथजवळ सुरू केले.

उत्पादन अशा रीतीने मोजक्या देशांत विभागले गेल्यामुळे एकच संगीत-संग्रह वेगवेगळ्या देशांचे नाव धारण करून श्रोत्यांपुढे आला. त्यांची तुलना होणे स्वाभाविक होते. ‘जपानी सीडीचा आवाज स्वच्छ’, ‘पश्चिम जर्मनीची सीडी उबदार’, ‘अमेरिकन सीडी कर्कश’ अशी विधाने त्यातून रूढ झाली आणि ठराविक देशांच्या जुन्या सीडींना संग्राहकांच्या बाजारात चढे मोल येऊ लागले.

हा प्रश्न केवळ छंदापुरता मर्यादित नाही. सीडीवादक यंत्रे दुर्मीळ होत असल्यामुळे अनेक संस्थांमधील सीडी-संग्रह संगणकावर घेतले जात आहेत व मूळ तबकड्या निर्लेखित करण्याचा विचार होत आहे. एकाच संग्रहाच्या दोन सीडी असल्यास त्यांतील एक ‘दुबार प्रत’ मानावी काय, याचे उत्तर प्रस्तुत विषयाशी थेट निगडित आहे.

२. लेखाची उद्दिष्टे व व्याप्ती

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१) उत्पादनदेशानुसार ध्वनी बदलतो या समजाची पूर्वपीठिका शोधणे.
२) सीडीच्या उत्पादनप्रक्रियेत ध्वनी बदलण्यास कोठे वाव आहे व कोठे नाही, हे स्पष्ट करणे.
३) दोन सीडींची तुलना करण्याची विश्वासार्ह पद्धती मांडणे.
४) ध्वनिसंग्रहांच्या जतनासाठी उपयुक्त ठरतील असे निष्कर्ष काढणे.

येथे केवळ कारखान्यात साच्यातून घडलेल्या श्राव्य सीडींचा विचार केला आहे. घरगुती वा कार्यालयीन संगणकावर मुद्रित केलेल्या सीडींचा समावेश त्यात नाही.

३. समजाची पूर्वपीठिका : ध्वनिमुद्रिकेचा वारसा

देशपरत्वे ध्वनी बदलतो हा विचार सीडीच्या आधीचा आहे आणि ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत तो सर्वस्वी योग्य होता. ध्वनिमुद्रिकेतील खोबण हीच ध्वनिलहरीची भौतिक प्रतिकृती असते. खोबणीत जे काही आहे ते सर्व सुई वाचते. संगीत आणि खरखर यांत भेद करण्याची सोय तिच्याजवळ नसते. त्यामुळे व्हिनाइलची शुद्धता, साच्याची झीज, दाबयंत्राचे तापमान, तबकडीचा वाकडेपणा यांपैकी प्रत्येक गोष्ट आवाजात उतरते. एकाच साच्यातून निघालेली पहिली व हजारावी तबकडीदेखील तंतोतंत सारखी नसते. शिवाय प्रत्येक देशात खोबण कोरणारा तंत्रज्ञ वेगळा असे आणि त्याच्या हाती येणारी फीतही बहुधा मूळ फितीची प्रत असे.

भारतीय संगीताचा ध्वनिमुद्रित इतिहासही या भौगोलिक विभागणीतूनच सुरू झाला. १९०२ मध्ये फ्रेड गेझबर्ग यांनी कोलकाता येथे गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. पण त्याच्या तबकड्या हॅनोव्हर येथे घडवून भारतात आणाव्या लागल्या. १९०८ मध्ये कोलकात्यातील सियालदह येथे व त्यानंतर १९२८ मध्ये दमदम येथे ग्रामोफोन कंपनीचा कारखाना उभा राहिला. तबकडी कोठे घडली, हा प्रश्न तेव्हापासून ध्वनिमुद्रिकांच्या अभ्यासात महत्त्वाचा ठरला आहे.

सीडी आल्यावर संग्राहकांनी हीच कसोटी नव्या माध्यमाला लावली. परंतु दोन माध्यमांतील मूलभूत भेद त्यात दुर्लक्षित राहिला. तो समजून घेण्यासाठी सीडीची रचना पाहणे आवश्यक आहे.

४. सीडीची रचना व उत्पादनप्रक्रिया

सीडीवर ध्वनिलहरीची प्रतिकृती नसते. तिच्या मोजमापांचे आकडे असतात. ध्वनीच्या डाव्या व उजव्या अशा दोन्ही वाहिन्यांचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात व प्रत्येक नमुना १६ बिटांच्या संख्येने दर्शविला जातो. म्हणजे एका सेकंदाच्या संगीतासाठी १४,११,२०० बिट लागतात. ४४,१०० ही संख्या अपघाताने आलेली नाही. त्या काळी अंकीय ध्वनी साठविण्यासाठी व्हिडिओ फितीचा वापर होत असे. सेकंदाला ६० चित्रक्षेत्रे, प्रत्येकात वापरण्याजोग्या २४५ रेषा व प्रत्येक रेषेत ३ नमुने यांचा गुणाकार ४४,१०० होतो. युरोपीय पद्धतीतील ५० चित्रक्षेत्रे, २९४ रेषा व ३ नमुने यांचा गुणाकारही तेवढाच येतो.

कारखान्यातील प्रक्रिया स्थूलमानाने अशी असते. प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या काचेच्या तबकडीवर लेसरने सूक्ष्म खळग्यांचा सर्पिल मार्ग उमटविला जातो. या काचेच्या मास्टरवरून निकेलचे साचे तयार होतात. साच्यात वितळलेले पॉलिकार्बोनेट दाबाने भरून १.२ मिलिमीटर जाडीची व १२० मिलिमीटर व्यासाची पारदर्शक तबकडी घडविली जाते. खळग्यांच्या बाजूवर ॲल्युमिनियमचा परावर्तक थर, त्यावर संरक्षक लेप व शेवटी नावाची छपाई होते. खळग्यांच्या दोन लगतच्या फेऱ्यांमध्ये १.६ मायक्रोमीटर अंतर असते व सर्पिल मार्गाची एकूण लांबी पाच किलोमीटरहून अधिक भरते.

या प्रक्रियेत देशोदेशी व कारखान्यागणिक फरक पडतो, हे खरेच आहे. खळग्यांच्या कडा कमीअधिक सुबक असू शकतात, मध्यछिद्र किंचित सरकलेले असू शकते, परावर्तन कमी-जास्त असू शकते. परंतु वादकातील लेसरला खळग्याचा आकार ‘ऐकवायचा’ नसतो; खळग्याची कड कोठे आली एवढेच ओळखायचे असते. कड ओळखली गेली की आकडा मिळाला. सुबक छपाईतील ‘७’ आणि अंधूक छपाईतील ‘७’ वाचता आले की दोहोंचे मूल्य सातच राहते. त्याचप्रमाणे खळग्याच्या सुबकपणामुळे स्वराचा पोत बदलत नाही.

५. त्रुटीसुधारणा व तिची मर्यादा

आकडा वाचताच आला नाही तर काय, हा पुढचा प्रश्न आहे. तबकडीवर धूळ, ओरखडे व उत्पादनदोष असणारच, हे गृहीत धरूनच सीडीची रचना झालेली आहे. ध्वनीच्या प्रत्येक २४ बाइटमागे पडताळणीसाठी ८ जादा बाइट दिलेले असतात. तसेच लगतचे आकडे तबकडीवर लगत न ठेवता दूरवर विखुरलेले असतात. त्यामुळे एका ओरखड्याने अनेक वाक्यांतील एकेक अक्षर जाते, एखादे वाक्य सबंध पुसले जात नाही; आणि उरलेल्या मजकुरावरून गेलेले अक्षर गणिताने अचूक भरून काढता येते. रीड-सॉलोमन संकेतांवर आधारलेली ही व्यवस्था सलग सुमारे ४,००० बिटांची, म्हणजे मार्गावरील अंदाजे २.५ मिलिमीटर लांबीची हानी पूर्णपणे भरून काढते.

येथे ‘सुधारणा’ व ‘झाकपाक’ यांतील भेद लक्षात घेतला पाहिजे. सुधारणा म्हणजे मूळ आकडा जसाच्या तसा परत मिळणे. त्यात ध्वनीची कोणतीही हानी नाही. हानी या मर्यादेपलीकडे गेली तर वादक आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाजे आकडा घालतो आणि तेही शक्य नसल्यास क्षणभर आवाज बंद करतो. अशा वेळी टिचकी, खंड वा अडखळणे ऐकू येते. तंबोऱ्याचा नाद अधिक भरदार होणे, गायिकेचा आवाज मऊ होणे किंवा झांजेची किणकिण मंदावणे असे सुसंगत परिणाम त्यातून संभवत नाहीत. अंकीय त्रुटी ध्वनीचा रंग बदलत नाही. ती ध्वनी तोडते.

याविरुद्ध एक आक्षेप घेतला जातो. आकडे तेच असले तरी खळग्यांच्या अनियमिततेमुळे ते वाचण्याच्या वेळेत सूक्ष्म चढउतार होत असतील, असा तो आहे. मात्र तबकडीवरून आलेले आकडे थेट ध्वनीत रूपांतरित होत नाहीत. ते प्रथम तात्पुरत्या स्मृतीत साठतात व तेथून स्फटिक-घड्याळाच्या ठराविक ठेक्यावर बाहेर पडतात. टाकीत पाणी धारेने पडो वा ठिबकत पडो, टाकी रिकामी होत नाही तोवर खालच्या तोटीची धार बदलत नाही, तसेच हे आहे. नीट रचलेल्या वादकात तबकडीची अनियमितता ध्वनीपर्यंत पोहोचत नाही.

६. फरक येतो कोठून ? मास्टरचे स्थान

वरील विवेचनावरून श्रोत्यांना ऐकू आलेले सर्व फरक काल्पनिक ठरविणे चुकीचे होईल. अनेक सीडींमधील आकडेच मुळात वेगळे असतात. ते वेगळे होण्याची प्रमुख कारणे तीन आहेत.

६.१ फितीची पिढी : १९८० च्या दशकात सीडीवर आलेले बहुतांश संगीत मूळचे चुंबकीय फितीवरचे होते. मूळ फीत सहसा एकाच देशात जपलेली असते व इतर देशांच्या शाखांकडे तिच्या प्रती असतात. प्रत्येक ॲनालॉग प्रतीबरोबर खरखर वाढते व सूक्ष्म तपशील घटतो. शिवाय काही प्रती ध्वनिमुद्रिकेची खोबण कोरण्याच्या सोयीने तयार केलेल्या असत. त्यांत मंद्र ध्वनी मुद्दाम आवरलेले असत. एका देशाने मूळ फीत वापरली व दुसऱ्याने तिसऱ्या पिढीची प्रत वापरली, तर दोन्ही सीडींत स्पष्ट भेद पडतो. याउलट एका देशात तयार झालेला अंकीय मास्टर दुसऱ्या देशात जसाच्या तसा पाठविला गेला असेल, तर दोन्हीकडच्या सीडींतील संगीत आकड्यांनिशी एकच असते.

६.२ प्रीएम्फसिस : सीडीच्या मानकात एक ऐच्छिक तरतूद आहे. मुद्रणाच्या वेळी उच्च वारंवारतेचे ध्वनी ठराविक प्रमाणात, २० किलोहर्ट्झजवळ सुमारे ९ ते १० डेसिबलपर्यंत, उचलायचे व वादनाच्या वेळी तेवढेच खाली आणायचे, जेणेकरून सूक्ष्म खरखर दबते. असे मुद्रण असल्याची खूण सीडीवरच नोंदलेली असते व ती वाचून वादक योग्य ती घट करतो. सुरुवातीच्या अनेक जपानी सीडींत ही तरतूद वापरलेली आढळते. बीटल्सच्या ‘ॲबी रोड’ची तोशिबा-ईएमआयने १९८३ मध्ये जपानमध्ये काढलेली व पुढे मागे घेतलेली सीडी हे त्याचे परिचित उदाहरण होय. बीटल्सच्या सीडींची अधिकृत जागतिक मालिका त्यानंतर १९८७ मध्ये आली. संगणकावर सीडी उतरविताना अनेक प्रणाली ही खूण दुर्लक्षितात. परिणामी तीच सीडी वादकावर समतोल व संगणकावर कर्कश ऐकू येते. हा दोष जपानच्या कारखान्याच्या नावावर जमा होतो, वस्तुतः तो उतरविणाऱ्याचा असतो.

६.३ पातळीची चढाओढ : १९९० च्या दशकापासून सीडी अधिकाधिक मोठ्या आवाजात मास्टर करण्याची प्रवृत्ती बळावली. १६ बिटांची कमाल मर्यादा ओलांडता येत नसल्यामुळे मोठा आवाज मिळविण्यासाठी हळू व मोठ्या ध्वनींतील अंतर कमी करावे लागते. ‘मेटॅलिका’ या वाद्यवृंदाच्या २००८ मधील ‘डेथ मॅग्नेटिक’ या संग्रहावर याच कारणाने टीका झाली. त्याच गीतांची एका व्हिडिओ खेळातील आवृत्ती कमी दाबलेली असल्याने श्रोत्यांना फरक थेट पडताळता आला. म्हणून १९८५ ची जर्मन सीडी व २००५ ची अमेरिकन सीडी यांची तुलना ही दोन देशांची तुलना नसून दोन काळांची व दोन मास्टरिंग-धोरणांची तुलना ठरते. पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या १९७३ मधील संग्रहाच्या १९८३ ची जपानी सीडी, १९९२ चे पुनर्मास्टरिंग व २०११ चे पुनर्मास्टरिंग अशा आवृत्त्या उपलब्ध आहेत. त्यांतील भेद देशाच्या नावाने नव्हे, तर मास्टरच्या नोंदीनेच समजू शकतो.

७. छापलेला देश आणि प्रत्यक्ष कारखाना

उत्पादनदेश ही कसोटी आणखी एका कारणाने डळमळीत ठरते. सुरुवातीच्या काळात कारखाने मोजके होते. म्हणून युरोप व अमेरिकेच्या बाजारासाठीच्या अनेक सीडी जपान वा पश्चिम जर्मनीत घडत. वेष्टनावर अमेरिकन कंपनी, तबकडीवर ‘मेड इन जपान’ व मास्टर ब्रिटनचा, अशी स्थितीही संभवत असे. ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ ही छपाई १९९० च्या जर्मन एकीकरणापूर्वीचा काळ सूचित करते, एवढे मात्र निश्चित म्हणता येते.

अधिक भरवशाचा पुरावा तबकडीच्या आतल्या वर्तुळावर कोरलेला असतो. तेथील मॅट्रिक्स क्रमांक काचेच्या मास्टरची ओळख सांगतो. १९९४ पासून तेथे आंतरराष्ट्रीय ध्वनिमुद्रण-उद्योग महासंघाचे, म्हणजे आयएफपीआयचे, संकेतही येऊ लागले; त्यांवरून मास्टर करणारी प्रयोगशाळा व तबकडी घडविणारा कारखाना वेगवेगळे ओळखता येतात. वेष्टनावरील ‘एएडी’, ‘एडीडी’, ‘डीडीडी’ ही तीन अक्षरे मुद्रण, मिश्रण व मास्टरिंग हे टप्पे ॲनालॉग होते की अंकीय, हे दर्शवितात. ही अक्षरे दर्जाची श्रेणी नव्हेत, ही बाब येथे नमूद करणे आवश्यक आहे.

८. नवी द्रव्ये, जुना प्रश्न

तबकडीचे द्रव्य बदलल्यास ध्वनी सुधारतो, असा दावा उत्पादकांकडूनही झाला आहे. जपानमध्ये २००८ च्या सुमारास एसएचएम-सीडी, ब्लू-स्पेक सीडी व एचक्यूसीडी हे प्रकार बाजारात आले. एसएचएम-सीडीसाठी द्रवस्फटिक पडद्यांकरिता विकसित झालेले अधिक पारदर्शक पॉलिकार्बोनेट वापरले जाते. अधिक पारदर्शक द्रव्यामुळे वाचन सुकर होऊ शकते, हे मान्य करता येईल. तथापि सामान्य सीडीदेखील अचूक वाचली जात असेल, तर अधिक सुकर वाचनातून तेच आकडे मिळतात. अशा सीडीचा आवाज वेगळा वाटल्यास ती नव्या मास्टरवरून काढली आहे काय, हे आधी तपासले पाहिजे.

९. कारखाना कोठे निर्णायक ठरतो ?

ध्वनीच्या रंगावर कारखान्याचा परिणाम होत नसला तरी तबकडीच्या आयुष्यावर तो निश्चित होतो. इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील पीडीओ कारखान्यात सुमारे १९८८ ते १९९३ या काळात घडलेल्या काही सीडींवरील संरक्षक लेप पुस्तिकेच्या कागदातील गंधकाला पुरेसा प्रतिकार करू शकला नाही. परावर्तक थर गंजून तबकड्या कडेकडून ताम्रवर्णी होत गेल्या. अभिजात संगीताच्या अनेक सीडी त्यात सापडल्या व कारखान्याने बदली तबकड्या देण्याची व्यवस्था केली.

या तबकड्यांचा आवाज आरंभी इतरांहून हीन नव्हता. गंज त्रुटीसुधारणेच्या मर्यादेत होता तोवर तो अबाधित राहिला. मर्यादा ओलांडल्यावर टिचक्या व खंड सुरू झाले. म्हणजेच कारखान्याच्या गुणवत्तेचा खरा निकष ‘किती गोड वाजते’ हा नसून ‘किती काळ अचूक वाचता येते’ हा आहे.

१०. तुलनेची पद्धती

दोन सीडींची तुलना दोन टप्प्यांत करणे इष्ट ठरते.

पहिला टप्पा आकड्यांच्या तुलनेचा होय. दोन्ही सीडी संगणकावर अचूक उतरवून घ्याव्यात. दोन आवृत्त्यांत संगीताची सुरुवात काही नमुने पुढे-मागे असू शकते. ते अंतर जुळवावे. नंतर एका ध्वनीची दिशा उलटी करून दोन्हींची बेरीज करावी. बेरीज संपूर्ण शून्य आली तर दोन्ही सीडींतील संगीत एकच आहे व देश कोणताही असला तरी चर्चा तेथेच संपते. बेरीज शून्य न आल्यास मास्टर, आवाजाची पातळी वा प्रीएम्फसिस यांपैकी काय वेगळे आहे, याचा शोध घ्यावा.

दुसरा टप्पा श्रवणाचा होय. आकडे वेगळे असले तरी तो फरक कानाला जाणवतो काय, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते. त्यासाठी तीन पथ्ये आवश्यक आहेत. एक, दोन्हींची पातळी ०.१ डेसिबलच्या आत जुळलेली असावी. कारण किंचित मोठा आवाज ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. दोन, कोणती सीडी वाजते आहे हे श्रोत्याला व चाचणी घेणाऱ्यालाही माहीत नसावे. तीन, चाचणीच्या पुरेशा फेऱ्या व्हाव्यात. १६ फेऱ्यांत केवळ अंदाजाने १२ किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३.८ टक्के असते. ८ किंवा ९ बरोबर उत्तरांवरून काहीही सिद्ध होत नाही.

अशा चाचण्यांचे महत्त्व एका अभ्यासातून दिसून येते. ई. ब्रॅड मेयर व डेव्हिड मोरान यांनी २००७ मध्ये ‘ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी’च्या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. सीडीपेक्षा अधिक क्षमतेच्या ध्वनीच्या मार्गात सीडी-दर्जाचे रूपांतर घातल्यास श्रोत्यांना ते ओळखता येते काय, हे त्यांनी तपासले. ५५४ फेऱ्यांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे ४९.८ टक्के. नाणेफेकीहून हे वेगळे नाही. आकडे प्रत्यक्ष बदललेले असतानाही भेद ओळखता येत नसेल, तर आकडे तेच असणाऱ्या दोन तबकड्यांत नाव पाहून जाणवलेला भेद किती सावधपणे स्वीकारावा, हे यावरून ध्यानी येते.

११. भारतीय संगीत व ग्रंथालयांच्या संदर्भात

हिंदुस्थानी संगीताच्या अभ्यासकास हा विचार दोन दृष्टींनी उपयोगी आहे. पहिली बाब जुन्या ध्वनिमुद्रिकांवरून काढलेल्या सीडींची. लाखेच्या तबकडीवरून सीडी तयार करताना ती कोणत्या गतीने फिरवायची व खरखर किती गाळायची, हे निर्णय मास्टर करणारा घेतो. सुरुवातीच्या तबकड्यांची गती सर्वत्र एकसारखी नव्हती. ८० फेऱ्यांची तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजविल्यास स्वर सुमारे ४४ सेंट, म्हणजे जवळजवळ पाव स्वर, खाली उतरतो व लयही मंदावते. गायकाची पट्टी वा लय यांविषयीचे विधान अशा सीडीवरून करणाऱ्या संशोधकाने प्रथम तिच्या मास्टरची चौकशी केली पाहिजे. खरखरीबरोबर आवाजाची धार, श्वास व तंबोऱ्याची आस हेही गाळले गेलेले असू शकते.

दुसरी बाब आवृत्तीच्या नोंदीची. परदेशी प्रकाशकांनी काढलेल्या भारतीय संगीताच्या सीडींत मौलिक साधने आहेत. निम्बसने १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेला ‘द राग गाइड’ हा चार सीडींचा ७४ रागांचा संच त्यांपैकी एक होय. हरिप्रसाद चौरसिया, बुद्धदेव दासगुप्ता, श्रुती सडोलीकर-काटकर व विद्याधर व्यास यांचे वादन-गायन त्यात आहे. अशी सीडी केवळ शीर्षकाने नोंदविणे पुरेसे नाही. ग्रंथाच्या बाबतीत आवृत्ती, प्रकाशनवर्ष व मुद्रणालय नोंदविले जाते. सीडीच्या बाबतीत मात्र बहुधा शीर्षक व कलाकार यांवर काम भागविले जाते. तालिकेत पुढील बाबी असणे आवश्यक आहे : प्रकाशकाचा क्रमांक, प्रकाशनवर्ष, मॅट्रिक्स क्रमांक, आयएफपीआय संकेत, तीन अक्षरी संकेत, प्रीएम्फसिसची खूण व तबकडीची भौतिक स्थिती. प्रीएम्फसिसची खूण काही सीडींत अनुक्रमणिकेत न आढळता ध्वनीलगतच्या उपसंकेतातच आढळते. म्हणून दोन्ही ठिकाणे तपासावी लागतात.

एकाच शीर्षकाच्या दोन सीडींपैकी एक निर्लेखित करण्यापूर्वी कलम १० मधील पहिला टप्पा पार पाडणे हितावह ठरेल. दोन्ही एकच निघाल्यास सुस्थितीतील प्रत ठेवावी. भिन्न निघाल्यास त्या दुबार प्रती नसून दोन आवृत्त्या आहेत. आणि कमी दाबलेला जुना मास्टर नव्या आवृत्तीत वा ऑनलाइन सेवेत उपलब्ध असेलच असे नाही. एकदा रद्दीत गेलेली अशी आवृत्ती पुन्हा मिळविणे दुष्कर असते.

१२. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात :
१) उत्पादनदेशानुसार ध्वनी बदलतो हा समज ध्वनिमुद्रिकेच्या बाबतीत सार्थ होता, सीडीच्या बाबतीत तो त्याच अर्थाने लागू होत नाही.
२) एकाच अंकीय मास्टरवरून दोन देशांत घडलेल्या व अचूक वाचल्या जाणाऱ्या सीडींचा ध्वनी एकच असतो.
३) दोन देशांच्या सीडींत आढळणारा खरा फरक फितीची पिढी, प्रीएम्फसिस, आवाजाची पातळी व मास्टरिंगचा काळ यांतून येतो. देशाचे नाव हे या फरकाचे कारण नसून कधीकधी मिळणारी केवळ एक खूण आहे.
४) कारखान्याची गुणवत्ता तबकडीच्या टिकाऊपणात व वाचनक्षमतेत प्रकट होते.
५) आकड्यांची तुलना व अंध श्रवणचाचणी यांवाचून केलेली गुणवत्तेची विधाने अभ्यासात प्रमाण मानता येत नाहीत.

एकाच वेळी आढळणाऱ्या दोन गोष्टींपैकी एक दुसरीचे कारण असेलच असे नाही, हे संशोधनाचे प्राथमिक सूत्र सीडीच्या या साध्या उदाहरणातून स्पष्ट होते. ‘जपानी’ वा ‘जर्मन’ या शब्दांऐवजी ‘कोणता मास्टर’ हा प्रश्न विचारला जाऊ लागल्यास श्रोत्याचा खर्च वाचेल, अभ्यासकाचे विधान अचूक होईल आणि ग्रंथालयांच्या कपाटांतील दुर्मीळ आवृत्त्या दुबार प्रती समजून नष्ट होण्याचे टळेल.